‘आज काही घडलंच नाही’

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषय ऐकून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. खेळाबद्दल काय बोलायचं? पण आपण शिबिरात भूमिकानाट्य घेतोच की. एकजण सासू होते, एकजण फौजदार होते, आणि आजवर कधी न बोललेलं बाई तासाभरात बोलून जाते. मी सांगणार आहे तो खेळ याच्याच नात्यातला, फक्त करमणुकीसाठी खेळला जाणारा.

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार असतो, त्याला गेममास्टर म्हणतात. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. या प्रकारातला पहिला गाजलेला खेळ, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, अमेरिकेत १९७४ साली निघाला तो युद्धाच्या खेळांमधून. म्हणून नियमांचा मोठा भाग मारामारीचा. १९७८च्या नियमपुस्तकात तर पुरुषाची ताकद १८/०० पर्यंत जाऊ शकत असे आणि बाईची १८/५० वर थांबत असे. आग ओकणारा ड्रॅगन चालतो, पण बाईचा दंड मात्र बेतानंच! १९८९च्या आवृत्तीत ही अट गेली.

मी खेळले तो ‘स्टारफाइंडर’, २०१७ सालचा. त्यात अंतराळयानं आहेत, लेझर बंदुका आहेत आणि जादूही आहे. मूळ पुस्तकात सात प्रकारची पात्रं आहेत. त्यातलं एक म्हणजे मिस्टिक. गूढ शक्तीशी नातं असलेली, मन जाणणारी, जखमा भरणारी. बंदूक चालवते, पण तिचं बळ तिथे नाही. तिचा मुख्य गुण ताकद नाही, शहाणपण.

टेबलावर चार पुरुष आणि मी. मी पुस्तक उघडायच्या आत एकजण म्हणाला, “ताई, तुम्ही मिस्टिक घ्या. आम्हाला कुणीतरी बरं करणारं लागेल.” मला ते पात्र खरोखरच आवडलं होतं, म्हणून मी हो म्हटलं. पण ते मी निवडलं की माझ्या गळ्यात पडलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. आणि गंमत पाहा. त्याच पुस्तकात नमुन्याची पात्रं दिली आहेत. त्यातली सैनिक ओबोझाया ही बाई आहे आणि मिस्टिक केस्कोदाई हा पुरुष. पुस्तकाने वाटणी अशी केली होती, आमच्या टेबलाने ती सरळ उलटी केली. तेव्हा दोष नियमांचाच होता असं मी म्हणणार नाही.

पहिले तीन रविवार माझी पाळी आली की सगळे एकच वाक्य म्हणायचे, “ह्याला बरं करा.” कुणी किती मारले याचा हिशोब चहाच्या वेळी व्हायचा. कुणाला किती वेळा उभं केलं याचा हिशोब नव्हता. घरकामाचं मोल या विषयावर मी भाषणं दिली आहेत हो! आणि तिथे मी गप्प बसून फासे टाकत होते.

मग एका रात्री नियम नीट वाचले. आपण कायदा वाचतो तसे. मिस्टिकचा बरं करणारा स्पर्श सुरुवातीला दिवसातून एकदाच वापरता येतो आणि त्याला दहा मिनिटं लागतात. दम परत मिळवायचा असेल तर दहा मिनिटं विश्रांती आणि रिझॉल्व्हचा एक गुण खर्च. तो ज्याचा त्याने करायचा, त्याला माझी गरज नाही. औषधाच्या कुप्या विकत मिळतात, त्या कुणीही वापराव्यात. पुढच्या रविवारी मी सांगितलं, आपापल्या कुप्या आपण बाळगायच्या. कुरकुर झाली. आपलं ताट आपण धुवा म्हटल्यावर होते तेवढीच.

त्याच दिवशी आम्हाला एक बंद पडलेलं यान सापडलं. आत किड्यांसारखे मोठे प्राणी. भाषा नाही. तिघांनी बंदुका काढल्या. मी म्हटलं, थांबा, मला आधी बघू द्या. शहाणपणाच्या गुणावर चालणारी दोन कौशल्यं मिस्टिककडे चांगली असतात, बारकाईने पाहणं आणि समोरच्याचा हेतू ओळखणं. फासा चांगला पडला. ते प्राणी हल्ला करत नव्हते, एका दाराशी उभे होते, आणि त्या दारामागे अंडी होती. दुसऱ्या पातळीला मिस्टिकला मनाशी मन जोडता येतं, भाषा नसलेल्या जिवाशीही. मात्र त्यासाठी त्याच्या अंगाला हात लावावा लागतो. म्हणजे बंदूक खाली ठेवून जवळ जायचं. माझा फासा टाकणारा हात खरंच थरथरत होता, हसू नका. मी तिला हात लावला आणि कळवलं: तुमच्या पिल्लांना कुणी शिवणार नाही, आम्हाला फक्त यानाची नोंदवही हवी. ती बाजूला झाली.

अडीच तासांत एकही गोळी सुटली नाही. उठताना एकजण म्हणाला, “आज काही घडलंच नाही.”

सूत्रधार तरुण मुलगा होता. त्याने पुस्तक काढून दाखवलं: संकट पार पडलं की गुण मिळतात, ते मारूनच पार पडायला हवं असं नाही. सगळ्यांना पूर्ण गुण मिळाले. ‘न्यूमेनेरा’ नावाचा २०१३चा एक खेळ तर याच्याही पुढे जातो. त्यात शत्रू मारल्याचे गुणच नाहीत, नवं काही शोधल्याचे आहेत. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना हे सुचतं. टेबलावर बसणाऱ्यांना पटायला वेळ लागतो.

एक शंका मात्र माझ्या मनात आहे, ती लपवत नाही. समजून घेणारी, जोडणारी, बरं करणारी बाई! हे कौतुक आपल्याला नवीन आहे का? त्या कौतुकाचा दोर करून आपल्याला किती वर्षं बांधलं गेलं. म्हणून पुढच्या मोहिमेत मी सैनिक मागून घेतली. जड चिलखत, मोठी बंदूक, मजा आली.

मिस्टिक कोण घेणार यावर त्या दिवशी अर्धा तास वाद झाला. शेवटी कुणीच घेतली नाही. प्रत्येकाने चार-चार कुप्या विकत घेतल्या. पहिल्याच ग्रहावर आम्हाला एक प्राणी भेटला, आणि त्याच्याशी बोलू शकेल असं आमच्यात कुणीच नव्हतं.