छातीवरची कठीण गाठ
(गणेशोत्सवातील आरोग्य-व्याख्यान)



बाप्पासमोर आजाराचे बोलणे नको, असे काहींना वाटेल. पण विघ्न वेळीच ओळखले तर दूर करणे सोपे जाते. म्हणून आम्ही दोघे शल्यचिकित्सक आज छातीच्या भिंतीत होणाऱ्या कर्करोगाविषयी बोलणार आहोत.

छातीची भिंत म्हणजे बरगड्या, मधले हाड, त्यांना जोडणारी कूर्चा आणि वरचे स्नायू. इथेच सुरू होणारा कर्करोग क्वचित आढळतो. मोठ्या माणसांत हाडांच्या अशा गाठींपैकी कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग, सर्वांत जास्त दिसतो. तो सावकाश वाढतो आणि सुरुवातीला दुखतोच असे नाही. म्हणून ‘चरबीची गाठ असेल’ असे म्हणून घरात विषय संपतो.

आमच्याकडे आलेल्या एका काकांची गाठ आधी दुसरीकडे अशीच लहानसा छेद घेऊन काढली होती. तपासणीला पाठवलीही नव्हती. ती परत आली, मोठी होऊन. मग आम्हाला जुना व्रण, भोवतालची कातडी, स्नायू आणि 3 बरगड्यांचे भाग काढावे लागले. पहिल्याच वेळी नीट झाले असते, तर बहुधा एवढे काढावे लागले नसते.

नीट म्हणजे कसे? आधी सीटी स्कॅन किंवा एमआरआय, मग सुईने तुकडा घेऊन तपासणी. ही सुईही शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या सल्ल्यानेच टोचावी, कारण तिचा मार्ग पुढे गाठीबरोबर काढावा लागतो. कॉन्ड्रोसार्कोमावर केमोथेरपी आणि किरणोपचारांचा सहसा फारसा परिणाम होत नाही. भोवतालच्या काही सेंटिमीटर निरोगी भागासह गाठ अखंड काढणे हाच मुख्य उपाय. मुलांमधल्या युइंग सार्कोमात मात्र आधी केमोथेरपी देतात.

“बरगड्या काढल्यावर श्वास कसा घेणार?” हा प्रश्न काकूंनी विचारला होता. मोठी पोकळी तशीच ठेवली, तर श्वास घेताना तो भाग आत ओढला जातो. म्हणून तिथे कृत्रिम जाळी, हाडांचे सिमेंट किंवा टायटॅनियमच्या पट्ट्या बसवतो आणि पाठीचा किंवा छातीचा स्नायू फिरवून वरून झाकतो. मग श्वासाचे व्यायाम लवकरच सुरू होतात.

काका आता रोज फिरायला जातात. पण गाठ परत येऊ शकते, फुप्फुसातही पसरू शकते. म्हणून त्यांना अनेक वर्षे तपासणीला यावे लागेल.

मंडळी, एकच विनंती. छातीवरची कठीण, हाडाला चिकटलेली, वाढणारी गाठ चोळू नका, शेकू नका, घाईने कापूनही घेऊ नका. आधी तपासून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!