पन्नाशीनंतरचे बॉब चार्ल्स

(निधिसंकलन गोल्फ दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मंडळातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्याच्या कार्यक्रमाचं पत्रक सगळ्यांना गेलं, त्या दिवशी पहिला फोन आला तो असा : "गणपती समजला, दिवाळी पहाट समजली, नाटकही समजलं. पण गोल्फ? मराठी मंडळाने?" प्रश्न रास्त आहे. आमच्या लहानपणी गोल्फ म्हणजे हिंदी सिनेमातल्या श्रीमंत बापाचा खेळ. गोल्फचं मैदान पुण्यात येरवड्याला होतं, मुंबईत चेंबूरला होतं, पण आपण ते पाहिलं कुंपणाबाहेरून, तेही बसच्या खिडकीतून. न्यूझीलंडला आलो आणि पाहतो तर गावोगाव गोल्फ! ज्या गावात धड दोन दुकानं नाहीत तिथेही कोर्स. दाराशी एक पेटी असते, आपण होऊन फी टाकायची आणि खेळायला लागायचं. विचारायला कुणी नसतं. कधी कधी मेंढ्या असतात.

आज बोलायचं आहे ते या देशातल्या एका गोल्फपटूबद्दल, सर बॉब चार्ल्स यांच्याबद्दल. पण त्याआधी दोन शब्द समजून घेऊ : हौशी आणि व्यावसायिक. मराठी माणसाला हे दोन शब्द खेळातले म्हणून ठाऊक नाहीत, नाटकातले म्हणून ठाऊक आहेत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. वर्षानुवर्षं हौशी रंगभूमीवर काम केलं, आफ्रिकेत टांझानियालाही डॉक्टरकी केली आणि १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, दवाखाना सोडून पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. चालती प्रॅक्टिस सोडली तेव्हा त्यांना नातेवाईकांनी काय काय ऐकवलं असेल, याची कल्पना आपण प्रत्येकजण करू शकतो.

गोल्फमध्येही हीच रेघ आहे, फक्त अधिक कडक. २०२१ पर्यंत हौशी खेळाडूने स्पर्धा जिंकली तरी बक्षिसाची रक्कम त्याला घेता येत नसे. करंडक घरी न्यायचा आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं.

बॉब चार्ल्स यांनी नेमकं हेच केलं. जन्म १४ मार्च १९३६, वैरारापा भागातल्या कार्टरटनचा. आई आणि वडील दोघंही गोल्फ खेळणारे आणि दोघंही डाव्या बाजूने. घरातल्या काठ्या डावखुऱ्यांच्या, म्हणून मुलगाही तसाच खेळला. गंमत अशी की हा गृहस्थ मुळात डावखुरा नाहीच! एका हाताने करायची कामं उजव्याने, दोन्ही हात लागणारी कामं डावरी. आमच्या घरात डावा हात पुढे केला की आजी प्रसाद देत नसे. तिथे मात्र कुणी मुलाचा हात बदलायला गेलं नाही.

१९५४ साली, वय वर्षं अठरा, बँकेत कारकून असलेल्या या मुलाने वेलिंग्टनजवळ हेरेटाउंगाच्या कोर्सवर न्यूझीलंड ओपन जिंकली. समोर कोण होते? ब्रूस क्रॅम्प्टन होते, आणि त्याच वर्षी ब्रिटिश ओपन जिंकून आलेले ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन होते. आज असं काही झालं तर दुसऱ्या दिवशी प्रायोजक दारात उभे राहतील. चार्ल्स बँकेत परत गेले. पुढची सहा वर्षं त्यांनी नोकरी सांभाळून हौशी म्हणूनच खेळायचं ठरवलं. अनुभव कमी आहे, असं त्यांचं मत होतं. अठराव्या वर्षी देश जिंकलेल्या मुलाने असा विचार करावा, याचं आम्हाला त्या विजयापेक्षाही अप्रूप वाटतं. आपल्याकडचे वडील मात्र खूश झाले असते : "खेळायचं तेवढं खेळ, पण बँकेची नोकरी सोडू नकोस!"

१९६० मध्ये ते व्यावसायिक झाले. १९६३ साली अमेरिकेत ह्यूस्टनची स्पर्धा जिंकली. अमेरिकेच्या मुख्य दौऱ्यावर डाव्या बाजूने खेळणाऱ्याचा तो पहिला विजय. त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडमध्ये रॉयल लिथम कोर्सवर ब्रिटिश ओपन. चार फेऱ्यांनंतर चार्ल्स आणि अमेरिकेचे फिल रॉजर्स यांचे सारखेच २७७ फटके. तेव्हाचा नियम असा, की बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा छत्तीस होल खेळायचे. म्हणजे दिवसभर चाल. चार्ल्सनी १४० फटके घेतले, रॉजर्सनी १४८. चेंडू लांब मारण्यात रॉजर्सशी बरोबरी नसेल, पण शेवटच्या चार-पाच फुटांवर, जिथे भल्याभल्यांचे हात थरथरतात, तिथे चार्ल्सचा हात हलत नसे. चार मोठ्या स्पर्धांपैकी एखादी जिंकणारा तो पहिला डावरा खेळाडू. दुसरा यायला चाळीस वर्षं गेली : कॅनडाचा माइक विअर, २००३. आणि अशी स्पर्धा जिंकणारा दुसरा न्यूझीलंडर, मायकेल कॅम्पबेल, २००५ मध्ये आला.

इथवरचं सगळं कुठल्याही क्रीडाकोशात मिळेल. आम्हाला खरं सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

१९६८ आणि १९६९ अशी दोन वर्षं लागोपाठ ब्रिटिश ओपन थोडक्यात हुकली. १९७४ मध्ये अमेरिकेत आणखी एक विजय मिळाला, आणि मग ओहोटी लागली. मुख्य दौऱ्यावर एकंदर सहा विजय. वाईट नाही, पण माणूस पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांचा झाला की पुढची पोरं चेंडू पन्नास-पन्नास यार्ड लांब मारायला लागतात. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हीआरएस घ्यायची वेळ. पण अमेरिकेत १९८० पासून पन्नाशी ओलांडलेल्यांचा वेगळा दौरा सुरू झाला होता, आणि मार्च १९८६ मध्ये चार्ल्स पन्नास वर्षांचे झाले. त्या दौऱ्यावर त्यांनी तेवीस स्पर्धा जिंकल्या. पन्नाशीच्या आत सहा, पन्नाशीनंतर तेवीस! १९८८ आणि १९८९ अशी सलग दोन वर्षं बक्षिसांच्या कमाईत पहिले. ज्येष्ठांची ब्रिटिश ओपन दोनदा. त्यातली १९९३ ची त्याच लिथमवर, जिथे तीस वर्षांपूर्वी रॉजर्सना हरवलं होतं. १९९९ मध्ये 'सर' झाले.

आणि २००७. ॲरोटाउनच्या 'द हिल्स' कोर्सवर न्यूझीलंड ओपन. त्या वर्षी ती स्पर्धा युरोपियन दौऱ्यातही धरली जात होती, त्यामुळे समोर नातवाच्या वयाचे व्यावसायिक. चार्ल्स एकाहत्तर वर्षांचे. पहिल्या दोन दिवसांनंतर जवळजवळ निम्म्या खेळाडूंना घरी पाठवतात, त्याला 'कट' म्हणतात. चार्ल्सनी दुसऱ्या फेरीत ६८ फटके मारले, म्हणजे स्वतःच्या वयापेक्षा तीन कमी, आणि कट पार केला. युरोपियन दौऱ्यावर इतक्या वयात ते कुणालाच जमलं नव्हतं. शेवटी ते बरोबरीत तेविसाव्या क्रमांकावर आले.

आता कुणी म्हणेल, की चार्ल्स व्यावसायिक झाले चोविसाव्या वर्षी, त्यात उशीर कसला? बरोबर आहे. या देशात याच्या उलट टोकाचं उदाहरणही आहे. हेस्टिंग्जचे स्टुअर्ट जोन्स सात वेळा राष्ट्रीय हौशी विजेते झाले आणि शेवटपर्यंत व्यावसायिक झालेच नाहीत. तोही एक मान आहे.

पण खराखुरा उशीर पाहायचा तर अमेरिकेत ॲलन डॉइल यांच्याकडे जावं लागतं. जॉर्जिया राज्यातल्या लाग्रांज या गावात त्यांचं गोल्फच्या सरावाचं मैदान होतं. हा माणूस मूळचा आइस हॉकीवाला, त्यामुळे त्यांचा फटका म्हणजे गोल्फ शिकवणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत असा. काठी कंबरेच्या फारशी वर जातच नाही. लहानपणी बुटक्या छताच्या खोलीत सराव केल्याने ती सवय लागली, असं सांगतात. हौशी म्हणून नाव कमावलं आणि १९९५ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, बायको-मुलींचा संसार असताना व्यावसायिक झाले. पुढे ज्येष्ठांच्या दौऱ्यावर अकरा विजय. २००५ मध्ये अमेरिकेची ज्येष्ठांची ओपन स्पर्धा शेवटच्या दिवशी नऊ फटक्यांची पिछाडी भरून काढत, ६३ ची फेरी खेळून जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा तीच.

आज त्यांचं नाव इथे घेण्याचं कारण मात्र वेगळं आहे. २००१ साली ज्येष्ठांच्या दौऱ्यावर वर्षभरातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी 'चार्ल्स श्वाब कप' सुरू झाला. त्याबरोबर दहा लाख डॉलर वार्षिकीच्या रूपाने मिळायचे. पहिलाच कप डॉइलनी जिंकला आणि ती सगळी रक्कम धर्मादाय कामांना देऊन टाकली. सहा वर्षांपूर्वीपर्यंत ज्याला बक्षिसाचा एक डॉलर घेता येत नव्हता, त्या माणसाने!

योगायोग बघा. तोच कप २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये जिंकला तो आपल्या हॅमिल्टनच्या स्टीव्ह अल्करने. उमेदीची वर्षं छोट्या छोट्या दौऱ्यांवर गेली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, नुकताच पन्नाशीत आलेला असताना, सोमवारच्या पात्रता फेरीतून एका स्पर्धेत घुसला, तिथे पहिल्या दहांत आला म्हणून पुढच्या स्पर्धेत जागा मिळाली, तिथून पुढच्या. नोव्हेंबरमध्ये पहिला विजय.

मंडळी, आपल्या सभागृहात या क्षणी असे कितीतरी जण बसलेले आहेत, जे इथे पंचेचाळिशीला उतरले. तिकडे खात्याचे प्रमुख होते आणि इथे पहिली दोन वर्षं सुपरमार्केटमध्ये रात्री शेल्फ भरले. पदवीचे कागद समतुल्यतेसाठी पाठवायचे आणि वाट बघत बसायचं. त्यातल्या काहींचं पुढे छान झालं, काहींचं नाही झालं. ज्यांचं नाही झालं त्यांनी कष्ट कमी केले असं म्हणण्याचं धाडस आम्ही करणार नाही. चार्ल्सना पन्नासाव्या वर्षी खेळायला एक दौरा तरी तयार मिळाला होता.

गोल्फची कल्पना आपल्या अशाच एका काकांची. त्यांची परवानगी घेऊनच सांगतो आहोत, नाव तेवढं घेत नाही. काकू शेवटचे चार महिने घरीच होत्या. हॉस्पिसची नर्स यायची, औषधं बघायची, रात्री दोनला फोन केला तरी उचलायची. मुलगा भारतातून पोचेपर्यंत काकांजवळ तीच बसली होती. या सगळ्याचे किती झाले, असं काकांनी नंतर विचारलं, तेव्हा कळलं की हॉस्पिस रुग्णाकडून काही घेतच नाही. सरकारकडून खर्चाचा एक भाग मिळतो, उरलेला लोकांनी उभा करायचा : ऑप-शॉपमधून जुने कपडे विकून, केक विकून आणि हो, गोल्फचे दिवस भरवून. काका त्रेसष्टाव्या वर्षी शेजारच्या क्लबात जाऊन काठी कशी धरायची ते शिकले. अजून त्यांचा चेंडू झाडीत जास्त आणि गवतावर कमी असतो. पण उद्या खेळणाऱ्या पहिल्या चौघांत त्यांचं नाव आहे.

उद्याचा खेळ ॲम्ब्रोज पद्धतीचा आहे. चौघांचा एक संघ, चौघांनी मारायचं, ज्याचा चेंडू उत्तम पडेल तिथून पुन्हा चौघांनी मारायचं. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात काठी धरली नाही त्यांनीही बिनधास्त यावं. तुमचा वाईट फटका कुणी मोजणार नाही. देणगीची पाकिटं टेबलावर आहेत, पावती हवी असल्यास नाव-पत्ता स्पष्ट लिहा, म्हणजे कर-सवलतीला उपयोगी पडेल. आणि एक शेवटची सूचना : क्लबकडे डावखुऱ्यांसाठी काठ्यांचा एकच संच आहे. ज्यांना तो लागेल त्यांनी जेवायला बसण्यापूर्वी खजिनदारांकडे नाव द्यावं. मसालेभात तयार आहे.