प्रवरेकाठची माळ



नेवाशाला गेलं की आपण पैसाच्या खांबाला हात जोडतो. १२९० साली ज्ञानेश्वरी तिथं सांगितली गेली. त्याच नेवाशात प्रवरेकाठी लाडमोडचं टेकाड आहे. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी सहकाऱ्यांसह तिथं उत्खनन केलं आणि तळाशी तीन हजार वर्षांहून जुनं गाव लागलं. तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी काढणारं, शेती करणारं गाव.

तिथं लहान मूल दगावलं, की मडक्यात ठेवून राहत्या घराच्या जमिनीतच पुरत. अशाच एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. एवढ्या काळात दोरा मातीत विरूनच जायचा. पण तांब्याच्या गंजानं तो मण्यांच्या आत राखला. तपासलं तर रेशीम आणि कापूस! तांबं तेव्हा दुर्मीळ होतं, रोजची पाती दगडाची. तरी आईबापांनी ती माळ लेकरापासून काढून घेतली नाही. या माळेपेक्षा मोलाचा दागिना आपल्या जिल्ह्यात मला दुसरा दिसत नाही.

त्या काळच्या आपल्या गावांत शिंपल्याचेही मणी मिळतात. मण्यांसाठीचा अकीक दगड नदीच्या गोट्यांत सापडायचा, समुद्रातला शिंपला मात्र इथला नव्हे. कोकणातून घाट चढून आला असो की गुजरातच्या किनाऱ्यावरून, हातोहात लांबून आला.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात प्वेब्लो लोकांचंही असंच. निळा पिरोजा जवळच्या सेरिलोसच्या टेकड्यांतला, शिंपले कॅलिफोर्नियाच्या आखातातले. शिंपल्याचे तुकडे भोक पाडून दोऱ्यात ओवायचे आणि अख्खी सर दगडावर घासायची. सगळे मणी एका मापाचे होतात. शिंपल्यावर पिरोज्याचे बारीक तुकडे शेजारी-शेजारी चिकटवून नक्षी भरायची, ही त्यांची खास कला. १९३० नंतरच्या मंदीत सँटो डोमिंगो गावच्या कारागिरांना काळा दगड परवडेना. त्यांनी मोटारीच्या जुन्या बॅटरीची पेटी आणि ग्रामोफोनच्या तबकड्या कापून तो रंग भरला. हातातली कला त्यांनी सोडली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. त्या माळा आज संग्रहालयांत आहेत.

त्यांच्याकडं ही कला अजून चालू आहे. आपल्याकडं प्रवरेकाठच्या त्या कारागिरांचं नावही उरलं नाही, उरलेत ते मणी. म्हणून शेतकरी बंधूंना आणि शाळेतल्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जुन्या टेकाडावर मणी, खापर दिसलं तर उचलून खिशात घालू नका. गावच्या तलाठ्याला, पुरातत्त्व खात्याला कळवा. मणी कुठल्या थरात, कशाशेजारी होता, हे तो हलवला की कायमचं जातं. नेवाशाची माळ दफनात जागच्या जागी मिळाली, म्हणूनच ती लेकराची होती हे आपल्याला कळलं.