चाळिशीतली पदवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नोकरी करणाऱ्या माणसाने पदवी घ्यावी की नाही, यावर सातवी शिकलेल्या बाईने काय बोलावे? पण कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुमच्या घरात घडले तेवढेच सांगा." तेवढेच सांगते.

आमच्या घरी 'हे' बारावी पास. एका कारखान्याच्या कचेरीत अठरा वर्षे हिशेबाचे काम केले. वरची जागा रिकामी झाली, की "पदवीधर पाहिजे" म्हणून ती दुसऱ्याला जायची. ज्या पोराला यांनी वह्या कशा लिहायच्या ते शिकवावे, तोच वर्षभरात यांचा साहेब! शेवटी २०२२ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात वाणिज्य शाखेला नाव घातले. हे विद्यापीठ नाशिकला १९८९ साली निघाले. पुस्तके मराठीतून मिळतात आणि नोकरी सांभाळून शिकता येते. आमच्या केंद्रात तास रविवारी भरत.

मला ते मुळीच पटले नव्हते, खोटे कशाला बोलू? फी काही फार नव्हती. पण रविवारचा ओव्हरटाइम बुडाला, आणि त्याच पैशांतून मुलीच्या शिकवणीची फी जात असे. ती तेव्हा नववीत. शिकवणी बंद झाली त्या दिवशी मी म्हटले, "बापाने शिकायचे आणि लेकीने थांबायचे, हा कुठला न्याय?" आठ दिवस मी यांच्याशी बोलले नाही. यांनीही उलट उत्तर दिले नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून रात्री जेवणे झाली की लेकीचे गणित स्वतः घेऊ लागले.

पहिल्या वर्षी अर्थशास्त्रात नापास झाले. ही गोष्ट यांनी कोणालाच सांगितली नव्हती. आज मी सर्वांसमोर सांगते आहे, आणि ते मागच्या खुर्चीवर बसले आहेत! (हंशा) मग पुस्तक मी हाती घेतले. एका हाताने भाकरी उलटायची, दुसऱ्या हाताने पान, आणि प्रश्न विचारायचे. मागणी आणि पुरवठा मला मेथीच्या जुडीवरून ठाऊकच होता. त्याला पुस्तकात नाव आहे, हे मात्र ठाऊक नव्हते.

२०२५ साली पदवी मिळाली. बढती मिळाली नाही. जागा आधीच भरून गेली होती. सरकारी परीक्षा द्यावी, तर वय उलटून गेलेले. म्हणून माझे सांगणे असे, की पैसे भरण्याआधी आपल्या कचेरीत स्पष्ट विचारावे, ही पदवी धरणार का? त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, तेही पाहावे. वायरमन किंवा फिटर असेल त्याने तर पदवीआधी आपल्या कामाचा दाखला मिळवावा, असे मला वाटते.

मग सगळे फुकट गेले का? तसेही म्हणवत नाही. यंदा यांनी दुसरीकडे अर्ज केला आहे. पूर्वी जाहिरात वाचून कागद घडी घालून ठेवीत. रमाबाई रानडे लग्नानंतर अक्षरे शिकल्या. पदवी नसताना त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. पण आमच्यासारख्यांना दारावरचा शिपाईसुद्धा आधी कागद मागतो.

आता माझे. गावात शाळा सातवीपर्यंतच होती, पुढची चार मैलांवर. तिथेच माझे शिक्षण संपले. यंदा मी दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. रात्री भाकऱ्या मीच करते, पण आता पुस्तक यांच्या हातात असते. बीजगणित बरे चालले आहे. भूमितीत मात्र हे माझ्याहून कच्चे निघाले, तेव्हा तेवढी लेकीकडून शिकते.