भोकरवाडीची वाट



सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की आमचे कुंभारी येते. मी तिथे शिक्षक आहे. पण आज मी बोलणार आहे ते दुसऱ्याच एका गावाविषयी. त्या गावाला एस. टी. जात नाही, तलाठ्याच्या दप्तरात त्याची नोंद नाही. तरी तिथली माणसे मला आमच्या आळीतल्या माणसांइतकी ठाऊक आहेत. गावाचे नाव भोकरवाडी. या नावाची वाडी आणखी कुठे असेलही, पण मी म्हणतो ती द. मा. मिरासदारांनी वसवली.

मिरासदार आपल्याच जिल्ह्यातले. १९२७ साली अकलूजला जन्मले, पंढरपुरात वाढले, पुढे पुण्यात आधी शाळेत आणि मग महाविद्यालयात मराठी शिकवीत राहिले. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या जोडीने त्यांनी गावोगाव कथाकथन केले. १९९८ साली परळी वैजनाथच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २०२१ च्या २ ऑक्टोबरला गेले. ही झाली पुस्तकी माहिती.

माझी ओळख झाली ती एका जीर्ण पुस्तकातून. वय तेरा. मामाच्या घरी, माळ्यावर, पुठ्ठा गेलेले पुस्तक. त्यात बाबू पैलवान होता, नाना चेंगट होता, शिवा जमदाडे होता आणि सगळ्यांना शहाणपण सांगणारा गणामास्तर होता. संध्याकाळी ही मंडळी जमायची, नाना काहीतरी बातमी आणायचा आणि बघता बघता राईचा पर्वत व्हायचा. पुस्तक संपले तेव्हा जत्रेहून परत निघाल्यासारखे वाटले. आणि मग कुणीतरी सांगितले, "अरे, हीच माणसं त्यांच्या दुसऱ्या पुस्तकातही आहेत की!" तो आनंद मी अजून विसरलेलो नाही. पुढे सोलापुरात शिकायला आलो, तर हिराचंद नेमचंद वाचनालयात आधी मिरासदारांची पुस्तके शोधली, अभ्यासाची नंतर.

एकाच गावाच्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचण्यात एक निराळीच गंमत आहे. नाना चेंगट धापा टाकीत येताना दिसला, की त्याने तोंड उघडण्याआधीच आपल्याला हसू फुटते. ओळख करून घ्यायचे कष्ट नाहीत. जोतिबाच्या डोंगरावर दरसाल जाणाऱ्याला वाट विचारावी लागते का?

कुणी म्हणेल, यात अद्भुत ते काय? ना जादूचा दिवा, ना उडता गालिचा. माझे म्हणणे असे, की भोकरवाडीत अद्भुत जन्मते ते माणसांच्या तोंडातून. मिरासदारांच्या एका गोष्टीचे नावच 'भुताचा जन्म' आहे. त्यांनीच लिहिलेल्या 'एक डाव भुताचा' या १९८२ च्या चित्रपटातही भूत आहेच, पण तेही आपल्यातलेच, गप्पा मारणारे. इंग्लंडात टेरी प्रॅचेट नावाचे लेखक होऊन गेले. त्यांनी १९८३ पासून एका सपाट पृथ्वीवरच्या विनोदी कादंबऱ्या लिहिल्या, एक दोन नव्हे, एकेचाळीस. ती पृथ्वी चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर! आपल्या आजीला हे ऐकून मुळीच नवल वाटले नसते. सांगायचे एवढेच, की असे गाव वसवून त्यात वर्षानुवर्षे राहण्याची हौस जगभर आहे.

आता आमच्या शाळेकडे येतो. कुंभारीला २००६ साली विडी कामगार बायांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. माझ्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड, काहींच्या उर्दू. मराठी फक्त शाळेत. सातवीतली एक मुलगी वाचताना प्रत्येक शब्दापाशी ठेचकाळायची. शाळा सुटली की आईशेजारी सूप घेऊन विड्या वळायला बसायची. एका शनिवारी मी भोकरवाडीची एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. वर्ग हसून हसून बेजार. ही मात्र तास संपल्यावर आली नि म्हणाली, "सर, चेंगट म्हणजे काय?" रेंगाळणारा, एकेक काम लांबवणारा, मी सांगितले. "आमच्या गल्लीत आहे एक," म्हणाली आणि पुस्तक घेऊन गेली.

आठ दिवसांनी तिची आई शाळेत आली. चेहरा रागावलेला. "ओ सर, ते पुस्तक नको देऊ पोरीला. ती वाचती, आमच्या भाषेत सांगती, शेजारच्या चारजणी येऊन बसतात. हसताना हात थांबतो. काल हजार भरलं नाही बघा."

श्रोतेहो, विडीची मजुरी हजारावर मिळते. हसण्याची किंमत तिने मला विड्यांत मोजून दाखवली होती. मी निमूटपणे पुस्तक परत मागितले. तेव्हा बाई जरा घुटमळली. म्हणाली, "आणलं नाही. दोन गोष्टी राहिल्यात." मग आमचे असे ठरले, की आधी विड्या मोजून व्हायच्या आणि मगच पुस्तक उघडायचे. नाना चेंगट त्या घरात रोज रात्री नऊनंतर तेलुगू बोलू लागला. पोरीचे ठेचकाळणे कधी थांबले, ते मला कळलेही नाही. पाठ्यपुस्तकाने जे दोन वर्षांत झाले नव्हते, ते झाले, कारण तिला पुढे काय होते ते सांगायचे होते आणि ऐकणाऱ्या बसून होत्या.

दुसरे पुस्तक न्यायला आई स्वतः आली. या वेळी तिने मला विचारले, "सर, त्या गावात पारावर सगळे गडीच का बसतात? बायका नाहीत का?" मी घोटाळलो. मी इतकी वर्षे भोकरवाडीवर प्रेम केले, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते. खरेच, ती बैठक पुरुषांचीच. मी काहीतरी उत्तर जुळवतोय तोवर तीच म्हणाली, "कामात असतील. रिकामं बसायला कुणाला वेळ असतो?"

ही गोष्ट मुलीने ऐकली असावी. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने एक वही माझ्या हातात दिली. पहिल्याच पानावर नाना चेंगट एस. टी. चुकून कुंभारीला उतरतो आणि विड्या वळणाऱ्या पाचजणी त्याला सूप देऊन कामाला बसवतात. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही. गोष्ट अर्ध्यावरच थांबली होती आणि खाली लिहिले होते : पुढचा भाग नंतर. मी अजून वाट बघतो आहे.