समाजमंदिराचे लाकूड



मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या या सोनगीर गावाला बाहेरचा माणूस दोन गोष्टींनी ओळखतो: डोक्यावरचा किल्ला आणि बाजारातली तांब्या-पितळेची भांडी. लाकडाची परिषद इथे कशाला, असे काहींनी विचारले. मला वाटते, टिकणे म्हणजे काय हे तांबटाला चांगले कळते. तांब्याचे भांडे पिढ्यान्‌पिढ्या चालते, पण त्याला वेळोवेळी कल्हई लागते. लाकडी वास्तूचेही तसेच आहे. आपल्या सार्वजनिक इमारतींना मात्र उद्घाटन तेवढे हवे असते, कल्हई नको.

आमदार निधीतून नाहीतर ग्रामविकास खात्याच्या ‘२५१५’ या लेखाशीर्षातून मंजूर झालेले सभागृह आपण सगळ्यांनी पाहिले आहे. वर स्लॅब किंवा पत्रा, भिंतीवर नावांची पाटी. मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही, म्हणून बैठक बाहेर निंबाखाली भरते आणि आत खुर्च्यांच्या चळती राहतात. त्याच गावातल्या जुन्या धाब्याच्या घरात त्याच दुपारी माणसे निवांत झोपलेली असतात. तळखड्यावर उभा खांब, त्यावर तुळई, मग कड्या, किलचण, पाला आणि शेवटी मातीचा जाड थर. ऊन त्या मातीतच अडते. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची हा रिवाज होता, त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नसे. एखादी कडी किडली तर तेवढी कडी बदलायची, घर पाडायचे नाही. स्लॅबच्या आतली सळई गंजली की काय करायचे, हे मला स्थापत्याच्या महाविद्यालयात शिकवले होते. ते गावात कुणाला परवडते, हे शिकवले नव्हते.

लाकडात माणसे जमवण्याची आपली रीत फार जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडी छताखाली लाकडी फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांच्या. डोंगर कोरून केलेल्या त्या छताला त्यांच्या आधाराची काडीइतकीही गरज नाही. तरी त्या बसवल्या, कारण सभेची जागा अशीच दिसते, ही त्या कारागिरांच्या मनाची बैठक होती. इथून जवळच्या अजिंठ्यात दहाव्या लेण्याच्या छतालाही लाकडी कमानी होत्या, त्या आता नाहीत. पुढे एकोणिसाव्या लेण्यात त्याच कमानी दगडात कोरल्या. लाकडाची सवय दगडालाही सुटली नाही!

आता आगीबद्दल बोलू, कारण प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न तोच येतो. शनिवारवाडा १८२८ साली जळाला हे खरे. पण जाड तुळई बारीक ढलपीसारखी पेटत नाही. ती मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने बाहेरून कोळसत जाते आणि आतला गाभा भार पेलत राहतो. उघडे पोलाद साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावते. याचा अर्थ निष्काळजीपणा चालेल असा नव्हे. पातळ लाकूड आणि बांबू यांना आग वेगाने धरते, तिथे विजेच्या तारांची जोडणी आणि पाण्याची सोय आधी पाहायची. स्वीडनच्या शेलेफ्तिओ शहरात २०२१मध्ये उघडलेले सारा सांस्कृतिक केंद्र वीस मजली आहे. नाट्यगृह, ग्रंथालय, हॉटेल असे सगळे त्यात आहे आणि सांगाडा मुख्यतः लाकडाचा आहे. तिथले अभियंते आगीला घाबरतच असतील, म्हणून तर ते हिशेब करतात.

पर्यावरणाचा हिशेबही साधा आहे. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. एक घनमीटर साग म्हणजे हवेतला एक टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवणे. पण हे तेव्हाच खरे, जेव्हा तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे वाढते. आणि इथेच माझे खरे भांडण सुरू होते.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३मध्ये आपल्या इमारतींत लाकडावर बंदी घातली, ती २०२०मध्ये उठली. नव्या संसदेत नागपूरचा साग गेला, अयोध्येच्या राममंदिराला २०२३मध्ये बल्लारपूरहून साग गेला. आनंदच आहे. मग सातपुड्याच्या पायथ्याच्या ग्रामसभेला तो का मिळू नये? २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची मालकी गावाला मिळाली. त्यात बांबू आहे, इमारती लाकूड नाही. म्हणून गडचिरोलीच्या मेंढा लेखाला २०११मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला, सागाचे नव्हे. त्याच कायद्याच्या कलम ३(२)मध्ये शाळा, अंगणवाडी, समाजकेंद्र यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ झाडांपर्यंत तोड मान्य आहे. ती झाडे त्याच इमारतीत वापरा, असे मात्र त्यात कुठेही लिहिलेले नाही. समाजमंदिरासाठी साग तोडायचा आणि समाजमंदिर सिमेंटचे बांधायचे, असा हा व्यवहार.

आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले. त्या कामासाठी तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ज्यांनी जंगल राखले, त्यांना त्यातला हिशेबाचा वाटा आपल्या सभागृहासाठी मिळावा, एवढी मागणी अवाजवी नाही. वनखात्याला ही भाषा आवडणार नाही, ते साहजिक आहे.

सगळे सागावर टाकू नये, हेही सांगतो. वीस वर्षांच्या सागात पांढरे लाकूड बरेच असते, त्याला वाळवी सहज लागते. बांधावरचे निंब आणि बाभूळ आपल्या बैलगाड्यांना आणि धाब्यांना पुरले होते. त्यांची रीतसर चाचणी करून, प्रतवारी लावून ती अंदाजपत्रकात आली पाहिजेत. अभियंत्याला दरसूचीत जे सापडत नाही, ते तो बांधत नाही. त्याला दोष देण्यापेक्षा दरसूची बदलणे सोपे.

दुपारच्या सत्रात ठराव मांडला जाईल. मसुद्यात ‘जतन’, ‘वारसा’ असे शब्द फार झाले आहेत. ते कमी करून दोन वाक्ये घालावीत, अशी सूचना करतो: कलम ३(२)खाली तोडलेले लाकूड त्याच गावाच्या सार्वजनिक वास्तूसाठी मिळावे आणि अशा प्रत्येक वास्तूच्या अंदाजपत्रकात सुताराच्या वार्षिक देखभालीची रक्कम पहिल्या वर्षापासून धरावी. ती किती असावी, हे आम्ही वास्तुरचनाकारांनी ठरवू नये. समोर बसलेल्या सुतारांनी आधी बोलावे, आम्ही लिहून घेऊ.