महामारी, मोबाईल आणि विश्वासार्हता



२०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीची पकड किंचित सैल झाली, तेव्हा कार्यालयांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या प्रवेशद्वारांवर एक नवाच विधी सुरू झाला होता. येणाऱ्याने खिशातून मोबाईल काढायचा, ‘आरोग्य सेतू’ उघडायचे आणि रखवालदाराला हिरवा रंग दाखवायचा. रंग हिरवा असला की वाट मोकळी. रखवालदाराच्या स्वत:च्या खिशात बहुधा साधा बटणांचा फोन असे, ही गोष्ट कोणाच्या फारशी लक्षात येत नसे. वस्तुत: तो हिरवा रंग दोनच गोष्टी सांगत होता. या फोनच्या जवळ आलेले आणि हेच अॅप बाळगणारे जे लोक नोंदले गेले, त्यांपैकी कोणी अद्याप बाधित म्हणून नोंदविला गेलेला नाही. आणि ताप-खोकल्याविषयीच्या प्रश्नांना फोनच्या मालकाने ‘नाही’ असे उत्तर दिले आहे. मालकाला संसर्ग झालेला नाही, असे त्या रंगाने कधीही सांगितले नव्हते. परंतु दारावर मात्र त्याचा अर्थ तसाच घेतला गेला. या विषयातील बराचसा घोटाळा येथूनच सुरू होतो.

अॅपची मूळ कल्पना चुकीची होती का? मुळीच नाही. कोरोनाचा विषाणू लक्षणे दिसण्यापूर्वीच एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, हे मार्च २०२० पर्यंत स्पष्ट होत आले होते. रुग्ण सापडणार, मग आरोग्यसेवक त्याला विचारणार, तो आठवून नावे सांगणार, त्या माणसांचा शोध घेतला जाणार. तोपर्यंत ती माणसे आणखी कित्येकांना भेटलेली असणार. ऑक्सफर्ड विद्यापीठातील क्रिस्टोफ फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ मार्च २०२० रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमका हाच मुद्दा गणिताने मांडला. माणसाच्या पायांनी होणारा शोध या विषाणूच्या वेगापुढे अपुरा पडेल आणि फोन हे काम क्षणात करू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. सिंगापूरने त्याआधीच, २० मार्च रोजी, ‘ट्रेसटुगेदर’ आणले होते. भारताचे ‘आरोग्य सेतू’ २ एप्रिलला आले आणि सुमारे एक्केचाळीस दिवसांत दहा कोटी लोकांनी ते उतरवून घेतले. एवढ्या अवधीत एवढे मोठे काम उभे राहिले, याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे त्यांना ते दिलेच पाहिजे.

प्रश्न होता तो फोनला नेमके काय कळते, हा. ब्लूटूथ ही यंत्रणा अंतर मोजण्यासाठी निर्माण झालेलीच नाही. कानात घालावयाच्या श्रवणयंत्राशी किंवा गाडीतील ध्वनियंत्रणेशी फोन जोडावा, एवढ्यासाठी ती आली. संकेत जोरदार आला तर समोरचा फोन जवळ, क्षीण आला तर दूर, हा केवळ अंदाज असतो. फोन हातात आहे की पर्समध्ये, मध्ये माणसाचे शरीर आहे की पातळ भिंत, यावर तो अंदाज बदलतो. दोन घरांमधील भिंत विषाणूला अडविते, ब्लूटूथला ती अडवीलच असे नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील डग्लस लीथ आणि स्टीफन फॅरेल यांनी ट्राममध्ये स्वयंसेवक बसवून याची परीक्षा घेतली. चहूबाजूंनी धातू असलेल्या त्या डब्यात संकेत परावर्तित होत राहिले. जर्मनीच्या आणि स्वित्झर्लंडच्या अॅपचे निकष लावले, तर एकही इशारा उमटला नाही. इटलीचे निकष लावले, तर जवळ बसलेल्यांपैकी निम्मे सापडले, आणि दूर बसलेल्यांपैकीही निम्मे! एवढी अचूकता नाणे उडवूनही साधते. मुंबईची लोकल किंवा एस.टी.ची बस म्हणजेही धातूचाच डबा, आणि संसर्गाची खरी भीती तेथेच अधिक.

दुसरी अडचण साध्या गुणाकाराची आहे. दोन माणसे भेटली, तर दोघांच्याही फोनमध्ये अॅप असावे लागते. शंभरातील चाळीस जणांकडे ते असेल, तर दोघांकडेही असण्याची शक्यता चाळीस टक्के नव्हे, सोळा टक्के होते. मे २०२० च्या अखेरीस ‘आरोग्य सेतू’चे वापरकर्ते साडेअकरा कोटींच्या घरात होते, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण आठ टक्के. त्या हिशेबाने देशातील शंभर भेटींपैकी एकही पुरती नोंदली जात नव्हती. अर्थात, ही सरासरी थोडी फसवी आहे. स्मार्टफोन शहरांत दाटीने आहेत, त्यामुळे पुण्या-बेंगळुरूच्या एखाद्या संगणक कंपनीत हे प्रमाण कितीतरी अधिक असणार. पण दाट वस्तीत, सामाईक नळावर आणि सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत ते कितीतरी कमी असणार, हेही त्यातच आले. साध्या फोनसाठी १९२१ या क्रमांकाची सोय मे महिन्यात करण्यात आली. ती प्रकृतीविषयीच्या प्रश्नोत्तरांपुरती होती. साध्या फोनला शेजारी कोण उभा आहे, हे कळत नाही.

सरकारने २६ मे रोजी काही आकडे दिले होते. सुमारे पाच लाख ब्लूटूथ संपर्क आढळले, नऊ लाखांहून अधिक लोकांशी बोलणे झाले आणि ज्यांना तपासणीचा सल्ला दिला त्यांपैकी जवळजवळ चोवीस टक्के बाधित निघाले. देशाचे सर्वसाधारण प्रमाण त्या वेळी ४.६५ टक्के होते. हे ऐकून कोणाचीही मान डोलावी. तथापि बारकाईने पाहिले, तर या चोवीस टक्क्यांत ब्लूटूथने शोधलेले किती आणि ‘मला ताप आहे’ असे स्वत:च सांगणारे किती, याची फोड नाही. ताप असलेल्यांची तपासणी केली, तर प्रमाण वाढणारच. त्यासाठी अॅप लागत नाही.

फोड करून पाहण्याचे काम ब्रिटनमध्ये झाले, म्हणून तेथील अनुभव अधिक बोलका आहे. त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. आइल ऑफ वाइट या बेटावर घेतलेल्या चाचणीत ते अॅप आयफोनपैकी केवळ चार टक्केच ओळखत होते. १८ जून २०२० रोजी ते गुंडाळण्यात आले आणि गूगल व अॅपलने संयुक्तपणे दिलेल्या चौकटीवर नवे अॅप उभारून सप्टेंबरमध्ये ते खुले केले. मे २०२१ मध्ये फ्रेझर यांच्याच गटाने ‘नेचर’मध्ये त्याचा हिशेब मांडला. इंग्लंड-वेल्सच्या सुमारे २८ टक्के लोकांनी ते वापरले आणि डिसेंबरअखेरपर्यंत सतरा लाखांच्या आसपास इशारे गेले. इशारा मिळालेल्यांपैकी सुमारे सहा टक्के पुढे बाधित आढळले. माणसांनी शोधलेल्या सहवासितांमधील प्रमाणही जवळपास तेवढेच होते. अॅपमुळे टळलेल्या संसर्गांचा अंदाज एका पद्धतीने २ लाख ८४ हजार आणि दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ९४ हजार असा आला. दोन अंदाजांत दुपटीचे अंतर आहे, आणि अॅपची कल्पना मांडणाऱ्यांनीच ते काढले आहेत, हे लक्षात ठेवावे. तरीही अॅप निरुपयोगी असते, हे म्हणणे यानंतर टिकत नाही.

त्याच ब्रिटनमध्ये जुलै २०२१ मध्ये एका आठवड्यात सहा लाखांहून अधिक लोकांना घरी बसण्याचे इशारे गेले. दुकानांत माल लावायला माणसे उरली नाहीत, आणि अनेकांनी फोनमधून अॅपच काढून टाकले. शंभर इशाऱ्यांमागे चौऱ्याण्णव माणसे बाधित नसतात. रोगशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही किंमत योग्य असेलही. पण ती मोजतो कोण? पगारी नोकर दहा दिवस घरून काम करतो. रोजंदारीवरच्या माणसाची चूल बंद पडते. तेथे अल्प उत्पन्न असलेल्यांना विलगीकरणासाठी ५०० पौंड मिळत. परंतु इशारा कोणाला गेला हे सरकारला कळू नये अशीच अॅपची रचना असल्यामुळे, अॅपने घरी बसविलेल्यांना आरंभी ती मदत मागताच येत नव्हती. गोपनीयता जपली, आणि गरिबाचे अनुदान तिच्यातच अडकले.

इतरत्र तर साधा विश्वासही टिकला नाही. जपानच्या ‘कोकोआ’ अॅपमध्ये सप्टेंबर २०२० पासून दोष होता. अँड्रॉइड फोनवर इशारे जातच नव्हते, आणि हे उघडकीस आले फेब्रुवारी २०२१ मध्ये. लोक इतके महिने निर्धास्त होते. ऑस्ट्रेलियाच्या ‘कोविडसेफ’वर दोन कोटींहून अधिक डॉलर खर्च झाले, माणसांच्या शोधातून निसटलेले असे केवळ दोन रुग्ण त्यातून हाती लागले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते बंद झाले. सिंगापूरमध्ये ‘ही माहिती केवळ संपर्कशोधासाठी’ असे मंत्र्यांनी सांगितले होते. जानेवारी २०२१ मध्ये संसदेतच कळले की, फौजदारी तपासासाठी पोलिसांना ती मागता येते आणि एका खुनाच्या तपासात ती मागितलीही गेली होती. पुढच्याच महिन्यात तो अधिकार सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करणारा कायदा झाला. पण दिलेला शब्द एकदा मोडला गेला होता.

भारतात प्रश्न सक्तीचा होता. १ मे २०२० च्या आदेशाने सरकारी आणि खासगी कर्मचाऱ्यांना ‘आरोग्य सेतू’ अनिवार्य झाले. नॉयडात तर अॅप नसणे हाच गुन्हा ठरविण्यात आला. विदासंरक्षण कायद्याचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष राहिलेले, मुंबईचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी, ही सक्ती कोणत्या कायद्याने, असा सवाल करून ती पूर्णत: बेकायदेशीर असल्याचे मत दिले. ११ मे रोजी माहिती हाताळण्याचे नियम आले, १७ मे रोजी सक्तीची भाषा ‘सर्वतोपरी प्रयत्न’ इथपर्यंत सौम्य झाली आणि २६ मे रोजी अँड्रॉइड आवृत्तीची आज्ञावली सर्वांना पाहण्यासाठी खुली झाली. हीच पावले ‘आधी नियम, मग अॅप’ या क्रमाने पडली असती, तर बराच संशय निर्माणच झाला नसता.

महाराष्ट्राला तर हा धडा नवा नव्हता. २०२० मध्ये राज्यांनी ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला तो १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरोघर रुग्णशोध चालविला. रोगी वेगळा काढावा, हे वैद्यकीय तत्त्व त्यामागे होते. परंतु शिपाई ज्या रीतीने देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरले, त्याने लोकांनी रोगी लपविले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. त्याच साथीत हडपसरजवळ यशवंतराव फुल्यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई स्वत: रोगी आणत होत्या. लोक त्यांच्या हाती माणूस सोपवीत होते. त्या सेवेतच, १० मार्च १८९७ रोजी, त्या गेल्या. रोग एकच, जिल्हा एकच, वर्षही एकच. फरक होता तो दार ठोठावणाऱ्यात.

धारावीत २०२० साली दार ठोठावणारे ओळखीचे होते. १ एप्रिल रोजी तेथे पहिला रुग्ण सापडला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख माणसे, बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. अंतर राखा म्हणणे ही तेथे थट्टाच होती. महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेतले. ज्यांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षे औषध घेतले, तेच डॉक्टर संरक्षक पोशाखात दारात आले, तेव्हा लोकांनी ताप सांगितला. शाळा आणि सभागृहे विलगीकरणासाठी घेतली, तेथे जेवणाची सोय केली. १० जुलै रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा नावाने उल्लेख केला. या यशालाही मर्यादा होत्या. त्याच महिन्यात मुंबईच्या तीन विभागांत झालेल्या रक्तद्रव्य सर्वेक्षणात झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांच्या शरीरात प्रतिपिंडे आढळली. म्हणजे फोन असो वा आशा सेविका, असंख्य संसर्ग दोघांच्याही नजरेतून सुटले होते.

तथापि माणसांनी केलेल्या शोधातून आणखी एक लाभ झाला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशातील आरोग्यसेवकांनी टिपलेल्या ८४,९६५ रुग्णांच्या आणि त्यांच्या पावणेसहा लाख सहवासितांच्या नोंदी रामनन लक्ष्मीनारायण आणि सहकाऱ्यांनी अभ्यासल्या. सुमारे ७१ टक्के रुग्णांच्या सहवासितांपैकी एकही जण बाधित आढळला नाही. थोडक्या रुग्णांकडूनच बहुतेक प्रसार होत होता. ‘सायन्स’मध्ये ३० सप्टेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झालेले हे ज्ञान साऱ्या जगाच्या उपयोगी पडले, आणि ते आले वही-पेन घेऊन उन्हात फिरणाऱ्यांकडून.

‘आरोग्य सेतू’ पुढे लसीकरणाच्या नोंदणीला उपयोगी पडले. त्यातील संपर्कशोधाचे काम बंद केले असून जमलेली माहिती काढून टाकली आहे, असे सरकारने २०२३ मध्ये संसदेला सांगितले. व्यक्तींची नावनिशी पुसली गेली, हे दिलेल्या शब्दाला धरूनच झाले. परंतु कोणत्या जिल्ह्यात किती जणांना इशारा गेला, इशाऱ्यानंतर किती दिवसांनी तपासणी झाली, त्यांपैकी किती बाधित निघाले आणि किती जण उगाच घरी बसले, ही बिननावी गोळाबेरीज कोणाच्याही गोपनीयतेला बाधा आणीत नाही. ती जिल्हावार प्रसिद्ध व्हावी, म्हणजे पुढच्या साथीत प्रवेशद्वारावरच्या रखवालदाराला त्या रंगाचा अर्थ सांगता येईल.